बाबांनी बिनसुईचं शुगरवालं घड्याळ घेतलंय, कुणी वापरलंय का?

गोदाकाठचा_आळशी (शुक्रवार, रात्री १०:१२)

मंडळी, लांबलचक आहे, आधीच सांगतो. बाबा ६८ वर्षांचे, शुगर १९ वर्षांपासून, आधी गोळ्या आणि गेली पाच वर्षं मिक्स इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. एस्टीतून रिटायर. बोटांना टोचून टोचून अक्षरशः घट्टे पडलेत आणि आता ते टोचायचं म्हणलं की लहान पोरासारखे टाळाटाळ करतात, जेवायला बसले की आठवतं, झोपायला गेले की आठवतं, मशीन हातात दिलं की नेमका फोन येतो.

तर दोन आठवड्यांपूर्वी मोबाईलवर कुठलीशी जाहिरात बघून त्यांनी स्वतःच ऑर्डर केली, घरी कुणाला न सांगता, कॅश ऑन डिलिव्हरी, २७९९ रुपये. घड्याळ आहे, मनगटावर बांधायचं, मागे हिरवा-लाल उजेड पडतो आणि एका मिनिटात शुगर दाखवतं. रक्त नाही, सुई नाही, स्ट्रिप नाही. बाबा इतके खूश की गल्लीत सगळ्यांना दाखवून आले.

आकडे येतात १०४, ११२, ९८, १०९ असे. मला बरं वाटलं आधी. पण परवा सकाळी मी जबरदस्तीने ग्लुकोमीटर लावला तर १८७, आणि घड्याळात त्याच वेळी १०६. बाबांचं म्हणणं मशीन जुनं झालंय, सहा वर्षं झाली, तेच खोटं बोलतंय. आणि या पंधरा दिवसांत त्यांनी टोचणं जवळजवळ बंदच केलंय.

कुणाला अनुभव आहे का? मशीन खोटं की घड्याळ?

---

खिचडी_आणि_कढी (रात्री १०:३१)

आमच्या सासूबाईंनी पण घेतलंय!! कंपनी वेगळी दिसते पण वर्णन सेम. वाचतेय.

---

अर्धा_कप (रात्री १०:४४)

दादा एक काम करा, घड्याळ एका वांग्याला बांधा आणि शुगर मोजा. मस्करी नाही करत. मी ऑक्सिजन दाखवणाऱ्या स्वस्तातल्या बँडचं हे केलेलं, गुंडाळलेल्या टॉवेलचा ऑक्सिजन ९७ आला होता आणि नाडी ७४. टॉवेलची तब्येत माझ्यापेक्षा बरी.

---

काचेपलीकडे (रात्री ११:५८)

पुण्यात ऑप्टिकल सेन्सरचंच काम करतो, शुगरचं नाही पण प्रकाश आणि त्वचा याच भानगडीत बारा वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोविडात प्रत्येक घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. तो चालतो कारण ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन आणि बिनऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यांचा रंगच वेगळा असतो, एक लाल दिवा साधारण ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्याला न दिसणारा ९४० चा, दोन्ही बोटातून पलीकडे किती पोचले ते बघायचं आणि गणित करायचं. शिवाय हिमोग्लोबिन रक्तात भरपूर असतं. म्हणजे निसर्गानेच काम सोपं करून ठेवलंय.

ग्लुकोजला रंगच नाही. ग्लासभर पाण्यात साखर विरघळवा आणि उजेडात धरून बघा, काय दिसतं? काही नाही. आणि प्रमाण बघा, शुगर १०० म्हणजे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला १ ग्रॅम. माणसाच्या अंगात ५ लिटर रक्त धरलं तर सगळ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम ग्लुकोज, चहाचा एक चमचा. आणि आपल्याला तो चमचा मोजायचा नाहीये, १०० आणि ७० मधला फरक ओळखायचाय, म्हणजे लिटरमागे ०.३ ग्रॅम, जेमतेम चिमूटभर. तेही चामडी, चरबी, पाणी, केस, घाम आणि त्वचेला रंग देणारं मेलॅनिन या सगळ्याच्या आडून.

इन्फ्रारेडमध्ये ग्लुकोज थोडाफार प्रकाश शोषतं हे खरं आहे, पण त्याच पट्ट्यात पाणी कैकपटीने जास्त शोषतं आणि आपण बहुतांश पाणीच आहोत. भरीला त्वचेचं तापमान जरासं हललं, म्हणजे समजा तुम्ही पंख्याखालून उठून ओट्यापाशी गेलात, तरी पाण्याच्या शोषणातला फरक ग्लुकोजच्या फरकाला गिळून टाकतो. भर मांडवात डीजे चालू असताना शेजारच्या आजीचं पुटपुटणं ऐकायचा प्रयत्न करा, साधारण तसं.

तुमच्या घड्याळात जे हिरवे-लाल दिवे आहेत ते नाडीचे आहेत. त्यातून नाडी मिळते. शुगर मिळत नाही.

---

पुढचं_पाऊल (शनिवार, सकाळी ७:२०)

काचेपलीकडे, तुमचं मान्य, पण टेक्नॉलॉजी कुठून कुठे गेलीये हो, काही नामांकित कंपन्यांच्या घड्याळात ईसीजी येतो, बीपी येतं, दहा वर्षांपूर्वी कुणी म्हणलं असतं तर हसला असता. मोठमोठ्या कंपन्या बिनसुईच्या शुगरवर वर्षानुवर्षं पैसा ओततायत अशा बातम्या येतात, त्या काय वेड्या आहेत? आपल्याकडे कुठलंही नवीन आलं की आधी "शक्यच नाही" म्हणायची सवय आहे.

---

काचेपलीकडे (सकाळी ९:०५)

वेड्या नाहीत, अडकल्यात. "शक्यच नाही" असं मी म्हणत नाहीये, २७९९ मध्ये आत्ता शक्य नाही असं म्हणतोय. इतिहास बघा ना, मजेशीर आहे.

२००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, ग्लुकोवॉच नावाच्या घड्याळाला खरोखर परवानगी दिली होती. ते त्वचेतून बारीकसा विजेचा प्रवाह सोडून आतलं ग्लुकोज वर ओढून घ्यायचं. डोकॅलिटी भारी होती. पण मनगटाला लाल चट्टे उठायचे, चालू केल्यावर तीन तास थांबायचं, मग आकडा जुळवायला परत बोट टोचायचं ते टोचायचंच, आणि सगळ्यात कहर म्हणजे घाम आला की ते रीडिंग सोडून द्यायचं. शुगर लो झाल्यावर माणसाला सगळ्यात आधी काय होतं? दरदरून घाम फुटतो. म्हणजे ज्या क्षणी गरज त्याच क्षणी घड्याळ गप्प. काही वर्षांत बाजारातून गेलं.

२०१४ मध्ये गूगलने डोळ्यात घालायची लेन्स जाहीर केली, अश्रूंमधली शुगर मोजणारी, फोटो सगळीकडे फिरले होते. २०१८ मध्ये थांबवली, कारण अश्रूंमधलं ग्लुकोज रक्ताशी भरवशाने जुळेना.

रामन स्पेक्ट्रोस्कोपीवर पण काम चालू आहे, आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेला तोच परिणाम, पदार्थावरून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि त्यावरून पदार्थ ओळखता येतो. २०२० मध्ये एमआयटी आणि सॅमसंगच्या लोकांनी जिवंत डुकरांच्या कानावर ग्लुकोजची खूण थेट पकडून दाखवली, पण ते यंत्र टेबलावरचं होतं, मनगटावरचं नाही. बंगळूरच्या आयआयएससीमध्ये वेगळा रस्ता धरलाय, प्रकाशाचा झटका द्यायचा, आतला भाग अगदी किंचित तापून फुगतो आणि त्याचा बारीक आवाज येतो, तो आवाज ऐकून ग्लुकोज काढायचं. २०२५ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. मला स्वतःला ही दिशा आवडते, पण अजून लॅबमधलीच गोष्ट आहे.

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने जाहीर इशाराच दिला, त्वचेला न टोचता स्वतःच शुगर मोजतो म्हणणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, वापरू नका. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपन्यांना जे बाजारात आणता आलं नाही ते अनोळखी ब्रँडला जमलं आणि तो ते कॅश ऑन डिलिव्हरी विकतोय, हे पटतं का तुम्हाला?

---

कारलं_एक्सपर्ट (सकाळी ९:४०)

रोज सकाळी कारल्याचा रस घ्या, घड्याळपण नको आणि इन्सुलिनपण नको.

---

अर्धा_कप (सकाळी ९:४२)

आले का. प्लीज इन्सुलिन बंद करा असं कुणालाही सांगू नका हो, कुणीतरी खरंच ऐकेल.

---

तीनचा_गजर (सकाळी ११:१५)

एरवी मी फक्त वाचते, पण आज लिहिते.

माझी मुलगी ९ वर्षांची आहे, टाइप १ डायबेटिस, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, चौथ्या वर्षी कळलं. आम्ही कोल्हापूरला असतो. सुरुवातीची दोन वर्षं दिवसाला सात-आठ वेळा बोट टोचायचो. तिची बोटं एवढीशी, टोचायला जागा कुठे शोधायची हाच प्रश्न. ती झोपेत हात उशीखाली लपवायची. त्यामुळे बिनसुईचं काहीतरी यावं असं या धाग्यावर सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर मला. जाहिरात आली की आजही माझा अंगठा थांबतो स्क्रीनवर, खोटं कशाला बोलू.

पण गोदाकाठचा_आळशी दादा, तुमचे बाबा इन्सुलिनवर आहेत ना, मग आकडा हा नुसता आकडा नसतो. माझ्या लेकीला एक युनिट इन्सुलिन दिलं की शुगर साधारण १०० ने उतरते. म्हणजे मशीनने २२० दाखवलं आणि मी एक युनिट दिलं आणि खरी शुगर १३० असली तर काय होईल ते मला लिहवत नाही. आणि उलटं, एकदा रात्री तीनला ती ५२ वर होती, घामाने उशी भिजलेली, आणि तोंडातून शब्द धड फुटत नव्हते. ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून चमच्याचमच्याने पाजली, पंधरा मिनिटांनी परत टोचलं, ७९. त्या वेळी एखाद्या घड्याळाने मला "१०८, सर्व ठीक" असं सांगितलं असतं तर मी दिवा बंद करून झोपले असते.

आता आम्ही दंडावर लावायचा सेन्सर वापरतो, चौदा दिवसांचा. तो पूर्ण बिनसुईचा नाही, अर्ध्या सेंटिमीटरची केसासारखी तार आत राहते, लावताना टिचकी मारल्यासारखं होतं, पुढे कळत नाही. तो रक्तातलं नाही, पेशींच्या मधल्या पाण्यातलं ग्लुकोज मोजतो म्हणून रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे चालतो, शुगर भराभर पडत असेल तेव्हा हे लक्षात ठेवायला लागतं. ती त्याच कुशीवर झोपली की दाबामुळे खोटी लो दाखवतो, पहिल्या महिन्यात मी त्यासाठी चार वेळा धावत उठले. शंका आली की अजूनही बोट टोचून खात्री करतो. आणि महाग आहे, एक सेन्सर पाच हजाराच्या घरात, वर्षाला सव्वीस लागतात, हिशेब करा. एक लाख तीस हजार. आम्ही सलग लावत नाही, परीक्षा, सहल, आजारपण अशा दिवसांना राखून लावतो.

---

खिचडी_आणि_कढी (सकाळी ११:३३)

ताई, वाचून काटा आला. सासूबाईंचं घड्याळ आजच काढून ठेवते, पण त्यांना सांगू काय? त्या म्हणतात "माझं बरोबरच येतं".

---

काचेपलीकडे (दुपारी १२:१०)

@खिचडी_आणि_कढी, बरोबर येतं कारण सासूबाईंची शुगर बहुतेक कंट्रोलमध्ये असणार. ज्याची शुगर ९० ते १२० मध्ये खेळते त्याला मी घरी बसून "१०५" सांगितलं तरी मी बरोबरच ठरेन. ही घड्याळं नाडी, वय, वजन आणि दिवसाची वेळ घेऊन अंदाज ठोकतात, काही तर तेवढंही करत नसतील. सेटिंगमध्ये तुम्ही आधी कधी शुगर भरली होती का बघा, बऱ्याचदा त्याच आकड्याच्या आजूबाजूला फिरत राहतात. कस लागतो तो शुगर २८० किंवा ६० असताना.

आणि तुलना कशाशी करायची तर ग्लुकोमीटरच्या नियमाशी. आंतरराष्ट्रीय मानक असं की शुगर १०० च्या वर असेल तर १०० पैकी किमान ९५ रीडिंग लॅबच्या १५ टक्क्यांच्या आत हवीत, १०० च्या खाली असेल तर १५ आकड्यांच्या आत. म्हणजे लॅब १८० म्हणाली तर मशीनला १५३ ते २०७ माफ. १०६ माफ नाही.

---

औषधवाले_काका (दुपारी २:५०)

जळगावात ३० वर्षं मेडिकल स्टोअर चालवतो. मशीन जुनं झालंय हा बाबांचा मुद्दा एकदम उडवून लावू नका, थोडं तपासा. मशीनपेक्षा स्ट्रिपा बिघडतात. डबी उघडी राहिली, बाथरूममध्ये ठेवली, तारीख उलटली, की आकडा भरकटतो. झाकण अर्धवट लावलेलं, आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडतंय की मशीन बोगस दिलं, हे दर महिन्याला.

दुसरं, हात. आमच्याकडे केळी, उन्हाळ्यात आंबा. एक आजोबा २ वेळा ४०० च्या वर आले म्हणून घाबरून रिक्षाने आले दुकानात. हात धुवायला लावले, १६२. आंबा चिरून आले होते. साबणाने हात धुवून पूर्ण कोरडे करायचे, नुसतं स्पिरिट फिरवून भागत नाही.

तिसरं, टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध गादीवर नाही, तिथे दुखतं जास्त. सुई दर वेळी नवी घ्यायची, लोक एकच लॅन्सेट महिनाभर चालवतात आणि मग म्हणतात दुखतं. टोचणीच्या पेनावर खोली कमी-जास्त करायचा आकडा असतो, ९० टक्के लोकांनी तो आयुष्यात फिरवलेला नसतो. निम्मी तक्रार तिथेच संपते.

आणि खात्री करायची असेल तर उपाशीपोटी लॅबला रक्त द्यायचं आणि त्याच मिनिटाला तिथेच आपलं मशीन पण लावायचं. जेवणानंतर ताडून बघू नका, तेव्हा बोटातली शुगर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते.

---

बर्फातला_कोकणी (रात्री ८:३०)

न्यू जर्सीहून. इकडे २०२४ पासून दंडाचा सेन्सर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळायला लागलाय, पण तो इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी. ऑफिसातले डायबेटिस नसलेले लोकसुद्धा लावून फिरतात आणि लंचला एकमेकांचे ग्राफ बघतात, "तुझा भात बघ किती चढला". आपले लोक भात सोडायला तयार नाहीत ते नाहीतच. पण सुई नसलेलं, मंजूर झालेलं काही इथेही नाही, हे नक्की.

---

गोदाकाठचा_आळशी (पुढच्या गुरुवारी, रात्री ९:४७)

सगळ्यांचे आभार, उशीर झाला, मधे होळी होती. रिपोर्ट देतो.

वांगं नव्हतं, दुधीला बांधलं. घड्याळाने दुधीची शुगर ९७ दाखवली. बाबा समोरच होते. हसले नाहीत.

मग काकांनी सांगितलं तसं सोमवारी उपाशीपोटी लॅबला गेलो, स्ट्रिपांची नवी डबी घेऊन. लॅब १८१, ग्लुकोमीटर १७४, घड्याळ १०३. होळीच्या दिवशी पुरणपोळी दोन, तूप, कटाची आमटी, दोन तासांनी ग्लुकोमीटर २९१, घड्याळ ११८. बाबा बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत बसले आणि मग एवढंच म्हणाले, "म्हणजे पंधरा दिवस मी आंधळाच गाडीत बसलो होतो."

पण खरी गोष्ट पुढे आहे. मंगळवारी डॉक्टरांकडे गेलो. मी आपला सांगून मोकळा, सकाळची शुगर १८० येते म्हणजे रात्रीचा डोस कमी पडतोय, वाढवून द्या. घरी आम्ही दोन युनिट वाढवायच्या बेतातच होतो, खरं सांगायचं तर. डॉक्टर म्हणाले थांबा, आधी सेन्सर लावू. लावला. आज दोन दिवस झालेत, आणि दोन्ही रात्री अडीच-तीनच्या सुमाराला शुगर ६१ आणि ५८. सकाळी परत १७० च्या वर. आम्ही रोज सकाळी सातला मोजणार, त्यात हे कधीच दिसलं नसतं. आणि बाबा गेले कित्येक महिने सांगत होते रात्री घामाने जाग येते, आम्ही म्हणायचो खिडकी उघडी ठेवा.

आज फोनवर डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला. कमी! आम्ही वाढवणार होतो.

---

तीनचा_गजर (रात्री ९:५९)

दादा, बाबा कुशीवर झोपतात का, दाबामुळे खोटी लो असू शकते, आज तीनला उठून एकदा बोट टोचून बघा. आणि उशाशी ग्लुकोजची पावडर ठेवा.

---

गोदाकाठचा_आळशी (शुक्रवार, पहाटे ३:१४)

उठलोय. सेन्सर ८३, बोट ८८. बाबांनी स्वतःहून हात पुढे केला.

---

तीनचा_गजर (पहाटे ३:१६)

छान. मी पण जागीच आहे.

---

गोदाकाठचा_आळशी (सकाळी १०:०५)

दोन शंका. घड्याळवाल्याचा नंबर लागत नाहीये, रिटर्नचं काय करायचं? आणि सेन्सरची एक कड आंघोळीला सुटायला लागलीये, अजून अकरा दिवस काढायचेत.

---

औषधवाले_काका (सकाळी १०:४०)

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा, बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. सेन्सरच्या कडेला दुकानात मिळतो तो पारदर्शक वॉटरप्रूफ टेप लावा, मधलं छोटं भोक मात्र झाकू नका. लावायच्या आधी कड कोरडी करून घ्या, खोबरेल तेल लावत असतील तर त्या दंडाला नको.

---

गोदाकाठचा_आळशी (सकाळी १०:५२)

तेलच होतं. आईने रात्री चोळलं होतं.